भाईला कधीच न आलेला ताप

लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मला ताप आला.

हातावरची मेंदी अजून गडद होती. दुपारची जेवणं झाल्यावर मी नव्या घराच्या मागच्या पडवीत भांडी पुसत होते, तेव्हा बेंबीभोवती ती ओळखीची कळ उठली. हातातलं पातेलं खाली ठेवून मी भिंतीला टेकून बसले. पुढे काय होणार ते मला पाठ होतं. थोड्या वेळात हुडहुडी भरणार, संध्याकाळपर्यंत पोट लाकडासारखं कडक होणार, अंगावरची चादरसुद्धा सोसवणार नाही. तीन दिवस असे जाणार आणि मग काहीच झालं नव्हतं असं सगळं थांबणार.

तापाची मला सवय होती. भीती वाटली ती माणसांची. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, नवऱ्याची आखातातून घेतलेली रजा संपत आली होती, आणि लग्नाच्या बोलण्यांत अम्मीने माझ्या तापाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

सासूबाई रेवसजवळच्या त्या गावात नारळ-आंब्याचा व्यापार करणाऱ्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून लाँचने मुंबईला माल पाठवून त्यांनी मुलांना वाढवलेलं. आवाज असा, की वाडीच्या दुसऱ्या टोकाचा गडी हाक ऐकून यायचा. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"तीन दिवसांनी उतरेल," मी म्हटलं.

"तुला कसं ठाव?"

"मला नेहमी येतो."

त्यांनी मला आत नेऊन निजवलं. माजघरात बायकांची कुजबुज सुरू झाली होती. नव्या नवरीला चुलीपाशी बसायचं नाही, म्हणून हे सगळं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मला ऐकू आलं. सासूबाईंनाही आलं असावं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सोंग करणाऱ्याच्या ओठाला असं पापुद्रं येत न्हायत. जा, पाणी गरम करा कुणीतरी."

तिसरी रात्र सरली आणि सकाळी मी उठून चहा-पाव मागितला. सासूबाई समोर बसून माझं खाणं बघत होत्या. माझा तिसरा पाव संपल्यावर म्हणाल्या, "आता सांग. कधीपास्नं हाय हे?"

मी सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला हे सगळं सांगायची ती माझी पहिली वेळ.

माझं माहेर म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना लागणाऱ्या एका खाडीकाठच्या गावात. अब्बांचं किराणा दुकान होतं. मी पहिलीत असताना पहिला ताप आला. आधी तो मलेरियाचा ठरला. मग टायफॉइडचा. मग जंतांचा. शाळेत असतानाच अलिबागला नेऊन माझं अपेंडिक्स काढलं. डॉक्टर म्हणाले, आता पोट दुखणार नाही. टाके निघाले, मी घरी आले आणि महिन्याभरात पोट पुन्हा दुखलं. कधीकधी तापाबरोबर घोट्याच्या वर लाल, गरम चट्टा उठायचा. शेजारच्या आजी त्याला धावरं म्हणायच्या आणि गेरू लावायच्या. तिसऱ्या दिवशी चट्टा जायचा. गेरूचा गुण म्हणून त्या खूश व्हायच्या.

या सगळ्यात माझी ने-आण करायचा तो माझा मोठा भाऊ. आम्ही त्याला भाईच म्हणतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. अंगाने दणकट. खाडीत तासन्‌तास पोहणारा, आजारपण म्हणजे काय ते माहीत नसलेला. अब्बा दुकान सोडून जाऊ शकत नसत, म्हणून भाई मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात न्यायचा. खड्डा आला की उतरायचा आणि सायकल हाताने ढकलायचा, कारण हादरा बसला की मी किंचाळायचे. अम्मी कौतुकाने म्हणायची, "दोघांच्या वाटणीचं सगळं दुखणं हिनेच घेतलं." तेव्हा ते खरंही वाटायचं. पुढे भाई आखातात एसी दुरुस्तीच्या कामाला गेला. तिथल्या मेडिकलमध्ये एका झटक्यात पास झाल्याचा त्याला मोठा अभिमान. बरीच वर्षं काढून परत आला आणि म्हसळ्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं.

हे सगळं ऐकून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं. म्हणजे तीन दिवस तुला हाक मारायची न्हाय."

आणि त्यांनी ते पाळलं. पुढे मी जवळच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला लागले. ताप आला की शाळेत फोन त्या करायच्या. मुख्याध्यापक वैतागून काही बोलले, तर त्यांना त्या जे सुनवायच्या ते मी इथे लिहीत नाही. मला लाज वाटायची, पण आतून बरंही वाटायचं.

मूल मात्र झालं नाही. मुंबईत तपासलं तेव्हा कळलं, की माझ्या दोन्ही नळ्या आतून चिकटल्या आहेत. कारण टीबीच असणार, असं धरून मला बरेच महिने टीबीची औषधं दिली. लघवी नारिंगी व्हायची, तोंडाची चव गेली, ताप येतच राहिला. नवरा वर्षातून एकदा यायचा. तो या विषयावर मला कधी एक दुखावणारा शब्द बोलला नाही, आणि सासूबाईंनी दुसरं लग्न सुचवणाऱ्या नातेवाइकांना दारातूनच वाटेला लावलं. मी रडायचे ते शाळेतून घरी येताना, वाटेत. घरी कुणी रडवत नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात ताप आला, तो नेहमीसारखाच. तीन दिवसांनी उतरलाही. पण पोटदुखी थांबली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मला हिरवी उलटी झाली.

मीच सगळ्यांना धीर देत होते. "या वेळी जरा लांबलंय एवढंच," मी म्हणत होते. इतकी वर्षं तीन दिवसांचा नियम मोडला नव्हता, त्यामुळे माझा त्यावर आंधळा विश्वास बसला होता. सासूबाई माझ्या फुगलेल्या पोटाकडे बघत होत्या.

"हे तुझं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुझं मी इतक्यांदा बघितलंय. हे दुसरंच काय तरी हाय."

त्यांनी शेजाऱ्याची गाडी मागवली. अलिबागला एक्स-रे काढला आणि तिथून लगेच नवी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. पेणच्या पुढचा रस्ता मला आठवत नाही. सासूबाईंच्या मांडीवर डोकं होतं आणि त्या पुटपुटत दुआ करत होत्या, एवढं आठवतं.

आतडं पिळलं होतं. पोट उघडल्यावर सर्जनला दिसलं, की आतली सगळी वेटोळी एकमेकांना आणि पोटाच्या पडद्याला चिकटलेली आहेत. एका चिवट पट्ट्याखाली आतड्याचा तुकडा अडकून काळा पडला होता. तो त्यांनी कापला आणि उरलेलं एकेक वेटोळं सोडवत गेले. आणखी एक दिवस थांबलो असतो तर मी वाचले नसते, असं त्यांनी नंतर सासूबाईंना सांगितलं.

मी शुद्धीवर आल्यावर ते माझ्या खाटेपाशी आले. "अपेंडिक्सच्या एका ऑपरेशनने इतकं चिकटत नाही," ते म्हणाले. "आणि टीबीची एकही खूण आत नाही. मी आमच्या एका सहकारी डॉक्टरांना बोलावलंय. त्यांना सगळं नीट सांगा."

त्या डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. स्टूल ओढून बसल्या. आजवर सगळ्यांनी मला ताप किती चढतो ते विचारलं होतं. यांनी विचारलं, "किती दिवस राहतो?"

"तीन."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि मधल्या काळात?"

"काहीच नाही. धावतसुद्धा जाईन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग घोट्यावरच्या चट्ट्याबद्दल विचारलं. छातीत कळ येऊन श्वास अडतो का, विचारलं. अम्मी-अब्बा नात्यातले होते का, विचारलं. ते मामे-आतेभावंडं होते. घराण्यात कुणी तरुणपणी गेलं का? मी म्हटलं, मामू. अम्मीचा धाकटा भाऊ. मुंबईला नोकरीला होता. पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि लग्नाआधीच गेला. खानावळीच्या जेवणाने झालं असं घरी म्हणत.

"त्यांना ताप यायचा?"

"लहानपणी यायचा, असं अम्मी म्हणते."

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "मला एक शंका आहे. रक्ताची एक खास तपासणी करावी लागेल. त्याचा निकाल यायला वेळ लागतो. पण तोवर एक गोळी सुरू करू."

आजाराचं नाव फॅमिलियल मेडिटेरेनियन फीवर. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा बिघडलेला जीन मिळाला, की शरीराची लढणारी यंत्रणा अधूनमधून आपणहून पेट घेते. जंतू नसतोच, त्यामुळे जंतूंवरचं एकही औषध लागू पडत नाही. पोटातलं अस्तर सुजतं, दोन-तीन दिवसांत निवतं, पण प्रत्येक वेळी थोडं चिकटत जातं. माझं आतडं तसंच अडकलं होतं. माझ्या नळ्याही तशाच चिकटल्या असाव्यात. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या देशांत आणि अरबांमध्ये हा आजार जास्त दिसतो, आपल्याकडे क्वचित. आमचे कुणी पूर्वज अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आले असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. ते खरं की खोटं, कुणास ठाऊक.

निकाल आला तेव्हा मी नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी परदेशात राहतो, आणि समुद्र तुझ्या पोटात." मी हसले तर पोटावरची जखम दुखली. मग त्याचा आवाज बदलला. "इतकी वर्षं तू एकटीने हे ओढलंस," तो म्हणाला. मी म्हटलं, "एकटीने नाही. तुमच्या अम्मा होत्या."

गोळी जुनीच होती, गाऊटवर देतात ती. औषधाच्या दुकानातला माणूस पहिल्यांदा म्हणाला, "युरिक ॲसिड वाढलंय का मॅडम? अंगठा सुजतो?" सुरुवातीला जुलाब झाले, दूध बंद करावं लागलं. पण पहिला महिना ताप आला नाही. दुसराही गेला. मला खरं वाटेना. संध्याकाळी पोटावर हात ठेवून मी वाट बघत बसायचे, कुठे दुखतंय का. शाळेच्या सहलीला मी कधी हो म्हणायचे नाही, कारण वचन देऊन ते मोडावं लागायचं. त्या वर्षी मी नववीच्या मुलींना घेऊन नागावच्या किनाऱ्यावर गेले आणि दिवसभर उन्हात उभी राहिले. घरी परतल्यावर पाय दुखत होते. दमल्यामुळे पाय दुखावेत, दुसऱ्या कशामुळेही नाही, याचं मला इतकं सुख झालं की कुणाला सांगून समजलं नसतं.

डॉक्टर मुंबईतही बसत. तिथे तपासणीला गेल्यावर त्यांनी विचारलं, "भावाची लघवी तपासली?"

"भाईला काही नाही, डॉक्टर. त्याला आयुष्यात ताप आलेला नाही."

"तरीही तपासा. थोड्या लोकांमध्ये हा आजार तापाशिवाय राहतो. आतल्या आत मूत्रपिंडात एक प्रकारचं प्रथिन साठत जातं, आणि बाहेर काहीच दिसत नाही. तुमच्या मामांचं ऐकल्यापासून माझ्या डोक्यात ते आहे."

मी भाईला फोनवर सांगितलं. तो हसला. पुन्हा सांगितलं, तो चिडला. शेवटी एका रविवारी मी आगरदांड्याहून फेरीने दिघीला उतरले आणि थेट म्हसळ्याला त्याच्या दुकानात गेले. तो एका इंजिनाच्या पोटात हात घालून बसला होता. मी प्लास्टिकची बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"तुला माहीत आहे काय ते."

"अगं, मला कधी सर्दीसुद्धा होत न्हाय. आखाताच्या मेडिकलवाल्यांनी मला नापास केला न्हाय, तू कशाला करतेस?"

"ते होऊन किती वर्षं झाली, भाई?"

तो उठला, हात पुसायला कापड घेतलं. तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. कामावर तो नेहमी बूट घालायचा. आता चपला होत्या, त्याही मापापेक्षा मोठ्या. घोट्यांची हाडं दिसत नव्हती. मी खाली वाकून नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"दिवसभर उभा असतो मी," भाई म्हणाला. पण आवाजातला जोर गेला होता.

त्याने बाटली घेतली. लघवीत प्रथिन भरपूर निघालं. पुन्हा तपासलं, तेच. मुंबईला मूत्रपिंडाचा बारीक तुकडा सुईने काढून तपासला. डॉक्टरांची शंका खरी ठरली. जीनही त्याचे आणि माझे सारखेच होते. मला त्यांनी ताप दिला, त्याला दिला नाही, एवढाच फरक.

निकालाच्या दिवशी मी त्याच्याबरोबर होते. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मूत्रपिंडं अजून काम करतायत, म्हणाल्या. गोळी रोज, आयुष्यभर. एकही दिवस चुकवायची नाही. पुरलं नाही तर इंजेक्शनं आहेत, महाग आहेत, तेव्हा बघू. पुढचं वचन देत नाही, पण तुम्ही वेळेत आलात.

"वेळेत म्हणजे?" भाईने विचारलं.

"अजून एक-दोन वर्षांनी आला असतात, तर आपण डायलिसिसबद्दल बोलत असतो."

भाऊच्या धक्क्यावर आम्ही रेवसच्या लाँचची वाट बघत बसलो. ओहोटी होती, गाळात अडकू नये म्हणून लाँच उशिरा सुटणार होती. भाई बराच वेळ पाण्याकडे बघत होता.

"तुला ताप आला नसता तर?" तो म्हणाला.

माझा ताप म्हणजे वाया गेलेले दिवस, असंच मी आयुष्यभर धरून चालले होते. अंथरुणातल्या त्या सगळ्या दिवसांमुळे हा माणूस माझ्या शेजारी बसला आहे, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदाच शिरत होतं. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले. तो म्हणाला, "सुकट खायची न्हाय म्हणाली डॉक्टर. लोणचं न्हाय, पापड न्हाय. मग खायचं काय?" मी म्हटलं, "भात खा." आणि आम्ही दोघंही हसलो.

अम्मीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिने सगळं ऐकलं, दोन्हीकडून एकेक जीन येतो हेही ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे आम्हीच दिला का ग हा आजार तुम्हाला?"

भाई तिच्या पायाशी बसला होता. म्हणाला, "अम्मी, तुला माहीत होतं का?"

"न्हाय रे."

"मग झालं."

थोड्या वेळाने अम्मी मामूबद्दल बोलायला लागली. तो गेला तेव्हा काही जण करणी झाली असंही म्हणत होते, आणि त्या संशयावरून एका घराशी आमचं बोलणं कायमचं तुटलं होतं. पुढच्याच शुक्रवारी अम्मी काठी टेकत त्या घरी गेली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही. येताना त्यांनी दिलेल्या शहाळ्यांची पिशवी हातात होती.

आता काही वर्षं झाली. भाईच्या लघवीतलं प्रथिन हळूहळू उतरलं. सूज गेली. तो जेवताना मिठाच्या बरणीकडे बघून उसासा टाकतो आणि वहिनी बरणी उचलून नेते. त्याच्या दोन्ही मुलांची तपासणी झाली. दोघांकडेही एकेकच बिघडलेला जीन आहे, त्याने काही होत नाही म्हणतात. मलाही वर्षातून एखाद्या वेळी बारीक ताप येतो, घोट्यावर चट्टा उठतो, पण मी शाळेत जाते. मूल झालं नाही, ते दुःख आहे तिथे आहे. औषध लवकर सुरू झालं असतं तर, हा विचार मी कधीकधी करते आणि मग पेपर तपासायला घेते.

सासूबाई आता थकल्या आहेत. व्यापार पुतण्याच्या हाती दिला आहे. नवरा कायमचा परत आला आहे आणि आईने चालवलेल्या वाडीत झाडं मोजत फिरतो. गेल्या महिन्यात आम्ही भाऊ-बहीण पुन्हा तपासणीला गेलो. डॉक्टरांनी भाईचे कागद बघितले आणि पुढची तारीख सहा महिन्यांनी दिली. आजवर त्या तीन महिन्यांच्या वर कधी जात नसत. भाईने मला कोपराने ढोसलं.

संध्याकाळी रेवसला उतरलो तेव्हा सासूबाई जेट्टीवर रिक्षात बसून होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"काय म्हणाली डॉक्टर?" त्यांनी भाईला विचारलं.

"सहा महिन्यांनी या म्हणाली."

"मग आज हितंच जेव. ताजी मासळी आणलीय, मुशी. मीठ वेगळं ठेवते."

भाई त्यांच्या शेजारी रिक्षात बसला. मी पुढे ड्रायव्हरजवळ जागा केली आणि आम्ही घरी निघालो.